सायखेड्याचा वन्स मोअर

सायखेड्यात चिमाजी नावाची माणसं तीन-चार तरी असतील, पण ‘वन्स मोअरवाला चिमाजी’ म्हटलं की एसटीच्या थांब्यावर उभं असलेलं कुणीही बरोबर त्याच्याच मळ्याकडे बोट दाखवायचं. उंच, हडकुळा, डोक्याला सैलसर उपरणं गुंडाळलेला हा गडी गोदेच्या काठी कोथिंबीर, मेथी आणि झेंडू लावायचा आणि पहाटे एम-एटी मोपेडला गोण्या बांधून नाशिकच्या बाजारात न्यायचा. एवढ्यानं काही माणूस प्रसिद्ध होत नाही. चिमाजी प्रसिद्ध झाला तो नरड्यामुळे. लहानपणी बाजरीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून पाखरं हाकता हाकता त्याचा आवाज असा तयार झाला होता, की गोफणीला हात घालायच्या आधीच पाखरं नदीपल्याड चांदोरीला जाऊन बसायची.

गाता मात्र त्याला अजिबात येत नव्हतं. आरतीच्या वेळी लोक आठवणीनं त्याच्या हाती झांज द्यायचे, म्हणजे तोंड जरा बंद राहील. पण कान होता. चांगला सूर लागला की त्याच्या अंगावर काटा यायचा आणि मग त्याच्यानं गप्प बसवत नसे. स्वतःच्या लग्नात यशोदाबाईंनी उखाणा घेतला, तो इतका झकास होता की पाटावर बसल्या बसल्या नवरदेवानंच ‘वन्स मोअर!’ ठोकला. वऱ्हाडी खो खो हसले, भटजी मंत्र विसरले आणि नवरी जी लाल झाली ती मुलाकडच्या गावी पोचेपर्यंत. “तवापासून मी कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाय,” असं यशोदाबाई पुढे आयुष्यभर म्हणत राहिल्या आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत राहिल्या.

गावच्या यात्रेत दरवर्षी गावकऱ्यांचंच संगीत नाटक व्हायचं. त्यात एक रीत पडून गेली होती. पद संपलं की नट हात पुढे धरून तसाच उभा राहायचा, पेटीमास्तर शेवटचा सूर दाबून ठेवायचे आणि अख्खा मांडव मान वळवून चिमाजीकडे बघायचा. चिमाजी ओरडला की मांडव ओरडायचा. चिमाजी गप्प राहिला तर नाटक पुढे सरकायचं. लोकांना आपल्या कानाचा भरवसा नव्हता, त्याच्या कानाचा होता. नटांचे भाऊबंद दुपारीच त्याला पान आणून द्यायचे. चिमाजी पान आनंदानं खायचा आणि रात्री पद पडलं तर बिनदिक्कत गप्प बसायचा. खोटा वन्स मोअर त्यानं जन्मात दिला नाही, आणि ह्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

ह्या मांडवाचा राजा होता भिमाजी. भिमाजीचा मळा चिमाजीच्या मळ्याला लागून, मध्ये एकच बांध. दोघं एकत्र गुरं राखलेले, एकत्र पोहायला शिकलेले, एकाच वर्षी लग्न झालेले. नाटकात राजाचं काम भिमाजीकडे असायचं, आणि तिसऱ्या अंकात राणीच्या विरहाचं एक पद होतं. भिमाजी ते गायला लागला की म्हातारे बिड्या विझवायचे. दरवर्षी त्या पदाला चिमाजीचा वन्स मोअर ठरलेला. ठरलेला म्हणजे खराच. भिमाजी गायचाच तसा.

सत्त्याण्णव सालच्या यात्रेत मात्र विपरीत घडलं. पन्नाशी उलटलेला राजा पद गात वरच्या षड्जाला गेला आणि आवाज फाटला. फार नाही, उसाचं पान बोटाला चाटून जावं एवढाच. त्यानं लगेच सावरलं, पद पुरं केलं आणि हात पुढे करून उभा राहिला. पेटीमास्तरांनी सूर दाबला. मांडवानं माना वळवल्या. चिमाजीचं तोंड अर्धं उघडलं आणि मिटलं.

भिमाजी हात पुढे धरून उभाच. पडदेवाल्याला काय करावं सुचेना. कुणीतरी खोकलं. मग राजाचा हात हळूहळू खाली आला आणि नाटक पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी भिमाजीनं मिशा, मुकुट आणि लाकडी तलवार नाटकमंडळींच्या ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेची किल्ली पेटीमास्तरांच्या हातात देऊन टाकली.

त्यानंतर तो गायला म्हणून नाही. चिमाजीशी बोलला म्हणूनही नाही. दोघांच्या बायकांचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं. भिमाजीची रंगूबाई आणि यशोदाबाई बांधावरून विरजण देत-घेत राहिल्या, आणि नवऱ्यांचे निरोपही त्यांनाच पोचवावे लागायचे. भिमाजी म्हणायचा, “त्यांना सांगा, पाट फुटलाय.” चिमाजी चार हातांवर उभा असायचा. तो म्हणायचा, “त्यांना सांगा, दिसतंय मला.” बिचाऱ्या बायका मध्ये उभ्या राहून एकमेकींकडे बघत हसू दाबायच्या.

चिमाजीला आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. “खोटा दिला असता तर त्याला कळलं नसतं का?” असं तो ज्याला त्याला विचारायचा. पण राजाशिवाय नाटकात जीव राहिना. दोन वर्षांत यात्रेत नाशिकचा ऑर्केस्ट्रा यायला लागला. तो इतक्या मोठ्यानं वाजायचा की चिमाजीचा आवाजही त्यात बुडून जायचा. घरी येऊन तो मुकाट्यानं अंथरुणावर पडायचा. त्याला नाटकाची आठवण यायची, आणि नाटकापेक्षा भिमाजीची जास्त. हे मात्र तो कुणालाच सांगत नसे.

दिवस गेले. चिमाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. कोथिंबिरीत गाजरगवत आणि गाजरगवतात कोथिंबीर दिसायला लागली, तेव्हा मुलीनं त्याला दरडावून नाशिकला, इंदिरानगरला नेलं. मुलगी सुवर्णा तिथल्या एका इंग्रजी शाळेत शिकवत होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकापाठोपाठ एक झाली. काळा चष्मा लावून, यशोदाबाईंच्या हातून डोळ्यांत थेंब घालून घेत चिमाजी सोफ्यावर बसून कंटाळला. त्याच सुमारास शाळेचं स्नेहसंमेलन आलं.

“आण्णा, चला तुम्हीपण,” सुवर्णा म्हणाली. “पण एक कबूल करा. तिथे ओरडायचं नाही. सगळे पालक शांतपणे टाळ्या वाजवतात.”

“मी कशाला वरडू? मी काय पाखरं हाकायला चाललोय?” चिमाजी म्हणाला, पण मनातून जरा खट्टू झाला.

संमेलनात मुलांनी एक इंग्रजी गाणं म्हटलं. शब्द एक कळला नाही, पण चार आवाज एकमेकांत असे मिसळले की चिमाजीच्या हातावर काटा आला. त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, दातांवर दात दाबले, सुवर्णाकडे बघितलं आणि गप्प बसला. एवढ्यात पुढच्या रांगेतला एक टायवाला गृहस्थ उठला आणि टाळ्या पिटत ओरडला, “एन्कोर! एन्कोर!”

“ह्याला चालतं व्हय?” चिमाजी इतक्या मोठ्यानं म्हणाला की तीन रांगा वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यानं मुलीला धरलं. “काय वरडत व्हता तो साहेब?”

“वन्स मोअरच म्हणत होता, आण्णा. इंग्रजीत एन्कोर म्हणतात.”

“मग वन्स मोअर काय कानडी हाय?”

सुवर्णाला हसू आलं. ती मग शिकवायच्या हुरुपानं बसलीच. म्हणाली, “वन्स मोअर हे शब्द इंग्रजीच, पण त्यांच्या नाटकाबिटकात ते असं ओरडत नाहीत. आपणच ओरडतो. ते ओरडतात एन्कोर, आणि तो मुळात त्यांचा नाहीच, तो फ्रेंच. दोन-तीनशे वर्षांपूर्वी लंडनला इटलीचे गवई येऊन गायचे. पद आवडलं की लोक हे ओरडायचे. कुणी म्हणतं इटालियन शब्द होता, इंग्रजांच्या तोंडात पडून फ्रेंच झाला. आता तर रोजच्या बोलण्यातला झालाय. कार्यक्रम संपल्यावर गवई जे जास्तीचं गाणं म्हणतो, त्यालाही एन्कोरच म्हणतात.”

“आनि फ्रेंच लोक सोता काय वरडतात?”

“ते एन्कोर ओरडतच नाहीत. ते म्हणतात बिस. म्हणजे दोनदा. तो लॅटिन भाषेतला.”

चिमाजी मांडीवर थाप मारून हसला. “म्हंजी कोनाच्याच घरात सोताचं इरजण नाय! जो तो शेजारनीकडून आनतो!” मग चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, “पण त्या एन्कोरचा अर्थ काय?”

“अजून.”

“अजून काय?”

“काही नाही, आण्णा. एवढाच अर्थ. अजून.”

दुपारी तो जेवायला बसला. यशोदाबाई गॅसवर भाकरी थापत होत्या. चुलीचा हात गॅसवर बसत नव्हता, भाकरी एका कडेनं करपत होत्या. त्यांनी विचारलं, “अजून वाढू का? जरा करपलीय ही.”

“वाढ. करपू दे. भूक हाय,” चिमाजी म्हणाला, आणि घास हातातच राहिला.

अजून वाढ म्हणणारा माणूस भाकरीची परीक्षा घेत नसतो. त्याचं पोट भरलेलं नसतं, एवढंच तो सांगत असतो. आणि आपण जन्मभर काय केलं? मांडवात बसून परीक्षकासारखे गुण दिले. हा पास, तो नापास. त्या रात्री भिमाजी वर जाऊन फाटला, ते खरंच होतं. पण पद संपलं तेव्हा आपल्या मनात काय होतं? त्यानं उजाडेपर्यंत गात राहावं असं होतं. तोंड अर्धं उघडलं होतं ते त्यासाठीच. खोटं बोलायला नको म्हणून आपण मिटलं, आणि तेच खोटं झालं.

“त्या राती मला अजून ऐकायचं व्हतं गं,” तो बायकोला म्हणाला. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं.

कुठली रात, हे यशोदाबाईंना विचारावं लागलं नाही. “मग तोंडाला काय कुलूप घातलं व्हतं?” त्या म्हणाल्या, आणि मग पदरानं त्याचा गाल पुसत त्यांनी बजावलं, “रडू नका. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाय म्हणून सांगितलंय.”

थेंब संपले तसा चिमाजी सायखेड्याला परतला आणि थेट बांधावर गेला. “भिमा,” त्यानं हाक मारली. भिमाजी कांद्याला पाणी धरत होता. त्यानं वर न बघता बायकोला सांगितलं, “त्यांना सांगा, मी बहिरा झालोय.” आणि जाऊन विहिरीवरची मोटार चालू केली.

ही भिमाजीची मोटार म्हणजे गावाच्या डोक्याला ताप होता. बेअरिंग गेल्यामुळे ती असा गळा काढायची की शेजारच्या मळ्यातली माणसं खुणांनी बोलायची. बेअरिंग बदल म्हणून रंगूबाई सांगून दमली, गाव सांगून दमला. भिमाजी ऐकतच नव्हता. चिमाजी हिरमुसून झेंडूत फुलं तोडायला बसला. आणि बसल्या जागेवरून, नव्या डोळ्यांनी, त्याला बांधापलीकडचं पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. भिमाजी खोरं टेकून विहिरीपाशी उभा होता, त्याचं तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि एक हात पुढे, वरवर चालला होता. चिमाजीला तो हात ओळखायला वेळ लागला नाही. तिसरा अंक. राणीच्या विरहाचं पद.

गडी गातोय! इतकी वर्षं हा गडी मोटारीच्या आवाजाखाली दडून गातोय, आणि बेअरिंग बदलत नाही ते ह्यासाठी!

चिमाजीला एकदम हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. त्यानं कुणालाच सांगितलं नाही, यशोदाबाईंनासुद्धा. मोटार सुरू झाली की तो झेंडूत जाऊन बसायचा आणि भिमाजीचा हात बघायचा. ऐकू काही येत नसे. हात वर गेला की षड्ज आला, एवढं कळायचं.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. वीज तिच्या मर्जीनं यायची आणि मर्जीनं जायची. एका सकाळी ती ऐन पदाच्या मध्यात गेली. मोटार घसा आवळल्यासारखी बंद पडली आणि उघड्या मळ्यात भिमाजीचा आवाज एकटाच उरला. त्याला पटकन कळलंच नाही. डोळे मिटलेले होते. पद चढत गेलं, वर टेकलं आणि त्याच जागी, अगदी त्याच जागी, फाटलं. तरी तो खाली आला, शेवटची ओळ घेऊन थांबला. हात पुढे. मग त्यानं डोळे उघडले आणि ती शांतता त्याच्या लक्षात आली.

झेंडूतून चिमाजी उभा राहिला. त्यानं छाती भरून घेतली.

“वन्स मोअर!”

बाभळीवरच्या साळुंक्या भर्रकन उडाल्या. कांद्यात वाकलेली रंगूबाई ताठ उभी राहिली. भिमाजीचं तोंड मात्र काळंठिक्कर पडलं.

“थट्टा करतो माझी?” तो ओरडला. इतक्या वर्षांत चिमाजीशी थेट बोललेला तो पहिला शब्द. “फाटलाय आवाज. तुला कळत नाय?”

“कळतंय की.”

“मग कशाला देतो? खोटा कवा देत नव्हता ना तू?”

“हा खोटा नाय,” चिमाजी बांधावर येत म्हणाला. “फाटू दे, भिमा. मला अजून ऐकायचंय. तवाबी ऐकायचं व्हतं. माझं पोट भरलं नव्हतं रं. मी गप बसलो ती माझी चूक झाली.”

भिमाजीनं खोऱ्याच्या दांड्याला चिकटलेला चिखल अंगठ्यानं खरवडला. “इतकी वर्षं लागली व्हय तुला भूक लागायला?” शेवटी तो म्हणाला.

चिमाजी उत्तर देणार तेवढ्यात वीज आली. मोटारीला आपोआप सुरू व्हायचं बटण बसवलेलं होतं. तिनं पुन्हा तोच गळा काढला, पाटात पाणी उसळलं आणि पुढचं बोलणं त्यात वाहून गेलं. संपलं, असं चिमाजीला वाटलं. भिमाजी खोरं टाकून विहिरीकडे चालता झाला, स्टार्टरच्या पेटीपाशी वाकला आणि त्यानं मोटार बंद केली.

“अहो, लाइट आलीय!” रंगूबाई कांद्यातून ओरडली. “परत जाईल! वाफा अर्धा राहिलाय!” लोडशेडिंगच्या दिवसांत वीज असताना मोटार बंद करणारा शेतकरी तिनंच काय, सगळ्या निफाड तालुक्यात कुणी बघितला नसेल.

“राहू दे,” भिमाजी म्हणाला. तो परत येऊन उभा राहिला, धोतराचा सोगा झटकला, घसा साफ केला आणि चिमाजीला म्हणाला, “बस खाली. राजापुढं उभं नाय ऱ्हायचं.”

चिमाजी बांधावर बसला. भिमाजी गायला. आवाज जुना झाला होता, दम कमी पडत होता, मधली एक हरकत त्यानं सोडूनच दिली. पद वर गेलं आणि ठरल्या जागी फाटलं. तो खाली आला, थांबला, हात पुढे धरून त्या रात्रीसारखाच बघत राहिला.

चिमाजीनं तोंड उघडलं. पण चांदोरीपर्यंत जाणारा तो आवाज चिरकला, फाटला आणि ‘वन्स’वरच अडकून बसला.

मग भिमाजी मटकन बांधावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. “फाटला! चिमा, तुझा फाटला रं!”

“मग?” चिमाजी उपरण्यानं डोळे पुसत पुटपुटला.

भिमाजीनं दोन्ही हातांचा कर्णा तोंडापुढे धरला आणि सगळा मळा दणाणून सोडला.

“वन्स मोअर!”